आंधळ्या विहिरीतला समुद्र

“हे घरात आली अन् माही इहीर खारट झाली. आता अजून काय पाह्याचं राह्यलं?”

पार्वताकाकू विहिरीच्या काठावर उभ्या राहून ओरडत होत्या. काकूंचा आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्यांनी आमच्या आंजी गावात कोंबडीला हाक मारली तर वर्ध्याच्या स्टेशनावरचे हमाल ‘आलो, आलो’ म्हणत उठायचे. त्या दुपारी तो सगळा आवाज एका मुलीवर कोसळत होता. सुमन तिचं नाव. महिन्यापूर्वीच सून म्हणून घरात आलेली, मेंदी अजून नखांत शिल्लक. भरलेली बादली धरून ती खाली बघत उभी होती. जणू बादलीनंच तिला काही विचारलंय आणि तिला उत्तर येत नाहीये.

गल्लीतले लोक जमलेच होते. त्यातला एक म्हणाला, “काकू, तुमीच तं समुद्रपूरची सून आणली. समुद्रपूरची पोरगी समुद्र नाई आणन तं काय आणन?”

सगळे हसले. समुद्रपूर आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथून खरा समुद्र इतका लांब, की तिथल्या माणसाला आपल्या गावाच्या नावात पाणी आहे हे शाळेत गेल्यावर कळतं. पण काकू हसल्या नाहीत. थट्टेतलं वाक्य कधीकधी असं भलत्याच मनात जाऊन घर बांधतं. काकूंच्या मनात त्या वाक्यानं त्याच दुपारी पाया खणला.

कुंपणाच्या अलीकडे डाखोरे सर आणि मी चहा पीत बसलो होतो. सर आंजीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. सरांनी बशी खाली ठेवली, कुंपणापाशी गेले आणि सुमनकडे ओंजळभर पाणी मागितलं. तिनं बादली तिरपी केली. सरांनी घोट घेतला आणि मग तो गिळलाही नाही, थुंकलाही नाही. गाल फुगवून तसेच उभे राहिले. डोळे मात्र हळूहळू स्वतःच्या परसातल्या पडक्या विहिरीकडे वळले.

मला वाटलं, सर चव ओळखतायत. सरांनी गुन्हेगार ओळखला होता.

या माणसाच्या जिभेबद्दल आधी सांगितलं पाहिजे. नामदेवराव डाखोऱ्यांची जीभ ही शाळेच्या प्रयोगशाळेतली सर्वांत महाग वस्तू होती. तशी प्रयोगशाळेत दुसरी वस्तू म्हणजे एक फुटकं चंचुपात्र होतं, त्यामुळे स्पर्धा फारशी नव्हती. सर पोरांना घरून बाटलीत पाणी आणायला सांगत, एकेक घोट घेत आणि म्हणत, हे नाल्याकाठचं, हे देवळामागचं, हे तुझ्या मामाच्या विहिरीचं, तुझ्या बापाची तर आटली. एकदा आम्ही जाम गावच्या चौरस्त्यावर उतरलो होतो. हॉटेलात चहाचा पहिला घोट घेऊन सर मालकाला म्हणाले, “आज पाणी बदललं तुमचं.” मालकानं हातातली किटली खाली ठेवून सरांचे पाय धरले. निदान मी तरी ही गोष्ट अशीच सांगतो. खरं म्हणजे तो फक्त ‘हौ’ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पण पाणी बदललं होतं, एवढं खरं.

आणि या जिभेच्या मालकाला वेड होतं ते समुद्राचं. ज्यानं धाम नदीपेक्षा मोठं पाणी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्या माणसाला. शिक्षकांच्या खोलीत मोजे, छत्र्या, खडूची पेटी आणि वेळापत्रक यांच्या शेजारी सरांनी एक कागद डकवला होता. कोकणातल्या कुठल्याशा बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा. सर रोज शाळेत आले की आधी तो बघत. तिसऱ्या तासाला वर्गात विज्ञानाचा धडा चाललेला असताना मध्येच थांबून म्हणत, “आता तिकडे भरती लागली असन.” पोरं खिडकीतून बाहेर बघत. बाहेर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं शेत आणि एक शेळी. हेडमास्तर राऊतांनी सभा लांबवली की सर घड्याळ बघून उठत आणि गंभीरपणे सांगत, “ओहोटी लागली सर, मी निघतो.” राऊतसर इतके साधे, की त्यांनी एकदा खरंच विचारलं, “मग उद्याची सभा भरतीत ठेवू काय?”

समुद्र म्हणजे काय, तर सरांच्या मते आपल्याच विहिरीचा थोरला भाऊ. परदेशी गेला, मोठा झाला, ओळख विसरला.

हा कागद त्यांना पाठवायचा तो मुकुंद पाध्ये, त्यांचा कॉलेजातला जोडीदार. वर्ध्याचाच. तो शिकून पश्चिम किनाऱ्यावरच्या एका समुद्रविज्ञानाच्या संस्थेत लागला होता. दोघांची कुंडली अशी, की पाध्ये समुद्राकाठी राहून आंजीच्या वांग्यांची आठवण काढायचा आणि सर आंजीत राहून लाटांची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आणीबाणीच्या आधीची की नंतरची, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही माझ्या चुका मोजायला लागाल.

तर पाध्येच्या संस्थेला एक यंत्र हवं होतं. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा वर एक असतो, खाली दुसरा. तो कळला तर प्रवाह कुठून कुठं जातो ते कळतं, मासळी कुठं जमेल ते कळतं. बाहेरून यंत्र मागवायचं तर परवानगीचा कागद येईपर्यंत समुद्रच आटला असता. म्हणून पाध्येनं स्वतः एक बनवायला घेतलं. धातूच्या दोन पट्ट्या, त्यांना वायर, वर बॅटरी आणि काटा. पाणी जितकं खारं, तितकी वीज सुखानं जाते आणि काटा तितका पुढे पळतो. पाध्ये त्याला काहीतरी पाच शब्दांचं इंग्रजी नाव देत होता. सरांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “ही तं जिभली हाय.” झालं. बारसं झालं. पुढे त्या संस्थेतले मल्याळी आणि बंगाली शास्त्रज्ञही तिला ‘जिबली’च म्हणत, असं पाध्ये सांगायचा. तोही वर्ध्याचाच माणूस, त्यामुळे निम्मं सोडून द्या.

जिभलीचं दुखणं एकच. पाण्यात खोल सोडली की वायरीच्या सांध्यातून पाणी प्यायची आणि मग दारू प्यायल्यासारखी काहीही सांगायची. पाध्ये उन्हाळ्याच्या सुटीत तिला घेऊन घरी आला. दोघं सरांच्या ओसरीवर बसले. सायकलच्या ट्यूबचे तुकडे करून झाले, लाख वितळवून झाली, मेण झालं. मी चित्रं काढत होतो. माझं काम तेवढंच. शेवटी सर उठून जिनिंग कारखान्यात गेले आणि कापसातली सरकी काढणाऱ्या रुळावरच्या जुन्या चामडी चकत्या घेऊन आले. त्या बैलगाडीच्या वंगणात शिजवल्या. घरात असा वास सुटला की सरांच्या बायकोनं माहेरची पिशवी भरली. पण सांधा धरला. जिभली दिवसभर ड्रममध्ये राहिली आणि शुद्धीवर राहिली.

आता ती खोल पाण्यात बघायची होती. खोल, आणि वर गोड खाली खारं, असं थरांचं पाणी. संस्थेचं जहाज दोन महिन्यांनी सुटणार होतं आणि परीक्षा न दिलेल्या यंत्राला जहाजावर जागा नव्हती. पाध्ये हताश होऊन म्हणाला, इथं समुद्र कुठून आणू. सर म्हणाले, “आणायचा काऊन? आपण करू.”

सरांच्या परसात, काकूंच्या कुंपणाला लागून, एक जुनी विहीर होती. कुणी वापरत नसे. अशा टाकलेल्या विहिरीला आमच्याकडे आंधळी विहीर म्हणतात. हिच्यात पाणी होतं, दोन पुरुष खोल, पण शेवाळलेलं, बेवारशी. वर्ध्याहून शाळेची बाकं घेऊन टेम्पो येणार होता, त्यातच पाध्येनं खड्या मिठाची तीन पोती टाकून आणली. पोती उतरवायला आलेल्या गड्यांनी विचारलं, यात काय हाय. आता विहिरीत मीठ टाकणार म्हणून सांगावं, तर मास्तर वेडे झाले म्हणून सुटीनंतर पोरं शाळेत येणं बंद. मी पटकन सांगितलं, चुना आहे, विहीर साफ करायची आहे. गड्यांना पटलं. मला तसं पटवायला कधी कष्ट पडत नाहीत.

मीठ विरघळवून दोरखंडाला बांधलेल्या पिंपानं अगदी तळाशी सोडलं. जड पाणी खालीच बसलं. मग जिभली सोडली. वर काटा निजलेला. खाली, आणखी खाली, आणि एका जागी काटा असा उडाला की पाध्येनं सरांना उचललं आणि सरांनी मला. आंजी या गावी, समुद्रापासून शेकडो कोस लांब, समुद्र झाला होता. पाध्ये जिभली घेऊन किनाऱ्याला गेला. तिची जुळी बहीण सरांकडे ठेवून गेला.

आणि पंधरवड्यात काकूंच्या मुलाचं लग्न निघालं.

काकूंची विहीर म्हणजे गावाचा अभिमान होता. तिच्या पाण्यात डाळ चुलीवर चढवायच्या आधीच शिजते असं लोक म्हणत. म्हणत म्हणजे मी म्हणत असे, आणि लोक माना डोलवत. काकूंना त्या विहिरीचा गर्व होता आणि तो त्यांना शोभायचा, कारण कुणालाही त्यांनी पाण्याला नाही म्हटलं नव्हतं. लग्नाला त्या विहिरीवर इंजिन बसवलं. मांडवाला पाणी, पंगतीला पाणी, आल्यागेल्याच्या अंघोळीला पाणी. समुद्रपूरहून आलेलं वऱ्हाड तर असं नाहत होतं, की पुढच्या जन्माची अंघोळही उरकून घेतायत. विहीर तळाला गेली. आणि जमिनीच्या पोटात, काळ्या खडकाच्या भेगांमधून, शेजारच्या आंधळ्या विहिरीतल्या पाण्यानं वाट धरली.

“आंधळी होती,” सर मला नंतर म्हणाले, “मेलेली नव्हती. म्या शब्दावर भरोसा ठेवला.”

म्हणजे विहीर लग्नामुळेच खारट झाली, हे काकूंचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. फक्त नवरीमुळे नव्हे.

त्या आरडाओरड्यानंतर, गाव बाजाराला गेल्यावर, सरांनी दुसरी जिभली काकूंच्या विहिरीत सोडली. काटा उडाला. या वेळी कुणी कुणाला उचललं नाही. सर काठावर बसले. मी म्हटलं, सांगून टाका आत्ताच. ते म्हणाले, “उद्या सांगतो.” मला ते पटलं, कारण मीही तेच म्हणालो असतो. पाध्येचं जहाज अजून सुटलं नव्हतं. संस्थेला न विचारता त्यानं गावातल्या विहिरीत मीठ ओतलंय, हे बाहेर आलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मग जहाज सुटलं. मग सर म्हणाले, पाऊस पडला की पाणी आपोआप गोड होईल, कशाला सांगायचं. उद्या या शब्दाला आंधळ्या विहिरीपेक्षा जास्त खोली असते.

इकडे काकूंनी सुनेला शिक्षा ठरवली. गोडं पाणी आता गावाबाहेरच्या हापशीवर. “तुह्या पायानं गेलं, तुह्या डोक्यावरून येईन,” एवढंच त्या म्हणाल्या. सुमन सकाळ-संध्याकाळ डोक्यावर दोन हंडे घेऊन सरांच्या दारावरून जायची. सर त्या वेळेला ओसरीवर थांबत नसत. भरती-ओहोटी पाठ असलेल्या माणसानं आता तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा पाठ केल्या होत्या.

न सांगता जे जे करता येईल ते सगळं त्यांनी केलं. शाळेच्या प्रार्थनेला पायगुण या अंधश्रद्धेवर भाषण दिलं. परिणाम असा झाला, की जी गोष्ट एका गल्लीला माहीत होती ती साऱ्या शाळेला कळली आणि पोरं सुमनला ‘समुद्रबाई’ म्हणू लागली. मग त्यांनी सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे बांधून काकूंच्या घरी पाणी नेऊन टाकायला सुरुवात केली. मास्तरानं पाणी वाहावं याची काकूंनाच लाज वाटली. त्यांनी सुनेला आणखी बोल लावला, की तुझ्यापायी एवढ्या मोठ्या माणसाला डबे वाहावे लागतात. सरांनी डबे सोडले. मग इंजिन भाड्यानं आणून आंधळी विहीर उपसायला घेतली. गाव विचारी, हे काय. मी सांगे, सरांना खाली खजिना लागलाय. चार पोरं फुकट मदतीला आली. तेवढा माझ्या खोट्याचा उपयोग.

एकदा तर सर मला घेऊन गिरडला गेले. टेकडीवरच्या दर्ग्याला. हा माणूस नवस बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करायचा. वाटेत म्हणाले, “दगड पाहाले जातो, तिथचा खडक वेगळा हाय.” वर पोचल्यावर दगडाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. चादरीसमोर इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले, की मागच्या माणसानं मला विचारलं, यांच्या घरी कोण आजारी आहे. मी म्हटलं, विहीर. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

सगळ्यांत वाईट म्हणजे काकूंचा चांगुलपणा. सर दर आठवड्याला त्यांच्या विहिरीत जिभली सोडून मोजमाप घेत. गुन्ह्याच्या जागी नेमानं जाऊन काळजीनं मोजणारा असा गुन्हेगार मी दुसरा पाहिला नाही. काकूंना वाटे, मास्तर आपल्यासाठी झटतोय. मोजून झालं की त्या सरांना बसवून ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढत. सर ती खात. प्रत्येक घास कष्टानं गिळत, जणू त्या दिवशी न गिळलेला तो खारट घोटच. सुमन वाढायला यायची, तेव्हा ताटावरून मान वर करत नसत.

आणि याच मोजमापातून एक नवल निघालं. एका खोलीवर पाणी गोड, हातभर खाली खारट, आणखी खाली पुन्हा गोड. खार पातळ पापुद्र्यासारखा आडवा सरकत होता. एकच जिभली वरखाली करून तो पापुद्रा सापडत नव्हता, कारण ती हलवेपर्यंत तो हललेला असे. सरांनी पाध्येला पत्रात लिहिलं, एक जीभ पुरणार नाही, एकाच दोरीवर ओळीनं जिभल्या बांध, साऱ्यांना एकदम चाखू दे. पाध्येनं तशी माळ केली. ती जहाजावरून सोडली, आणि समुद्रातही तसलेच पापुद्रे सापडले. कोकण आणि आंजी, दोघांनी मिळून समुद्राला पकडलं. पाध्येचं पत्र आलं, आनंदानं वेडं झालेलं. सर म्हणाले, “बरं झालं,” आणि शिक्षकांच्या खोलीतला भरती-ओहोटीचा कागद काढून घडी करून खिशात टाकला. नंतर तो पुन्हा कधी लागला नाही.

जिभल्यांच्या माळेची बातमी राऊतसरांच्या कानावर गेली. त्यांनी शाळेत सत्काराचा घाट घातला. पाध्ये तेव्हा जहाजावर होता, येऊ शकला नाही. पावसाळा होऊन गेला होता. खार कमी झाला होता, पण गेला नव्हता. सुमन अजून हापशीवर जात होती. मंडप भरला. पहिल्या रांगेत काकू, मागे बायकांत सुमन. राऊतसरांनी डाखोरे सरांना ‘आंजीचा सागर’ म्हटलं. शाल पुढे झाली तशी सरांनी हातानं थांबवली आणि माईकपाशी गेले.

“काकूची इहीर म्या खारट केली,” ते म्हणाले. “माह्या आंधळ्या इहिरीत म्या मीठ टाकलं, थे तिकडे गेलं. सुमनचा काई दोष नाई. मले पयल्याच दिवशी समजलं होतं. म्या सांगतलं नाई.”

मंडप असा शांत झाला, की मला धाम नदी ऐकू आली. ती पुष्कळ लांब आहे, पण आली.

काकू हळूहळू उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मंडपाचे खांब उखडतील. काकूंचे डोळे भरले होते. कधी नव्हे त्या आवाजात त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमचं मन लय मोठं हाय. पन माह्या सुनेचा दोष तुमी काऊन आंगावर घेता?”

आणि टाळ्या पडल्या. सर हात हलवून नाही नाही म्हणू लागले, तशा त्या वाढल्या. सर ओरडून म्हणाले, तीन पोती मीठ होतं. मागून त्या दिवशीच्या गड्यांपैकी एक उठला. “थो चुना होता मास्तर. पोते तं आमीच उतरवले.”

सर माझ्याकडे वळले. “हे होते तिथं. यायले विचारा.”

मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता बोललो. चुना मी खोटं सांगितलं. ते मीठ होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. सर बोलले ते अक्षर न् अक्षर खरं आहे. एवढंच. लोक माझ्याकडे बघत राहिले. मग एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, “अन् गुरुजी, थो मासा? तुमचा सदरा घालून नदीत फिरे थो?”

मंडप हसून हसून आडवा झाला. तो मासा मी आदल्याच पोळ्याला सांगितला होता. इतका रंगवून, की लोक अजून त्याची आठवण काढत. सरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं.

शेवटी राऊतसर म्हणाले, विज्ञान म्हणजे प्रयोग, खरं असेल तर करून दाखवा. करून दाखवायचं म्हणजे पुन्हा मीठ टाकायचं, पुन्हा काकूंची विहीर नासवायची. सर माईकपासून मागे सरले. तेवढ्यात शाल खांद्यावर पडली. नारळ हातात आला. न बोललेल्या खोट्यासाठी सत्कार झालेला तो एकटाच माणूस माझ्या माहितीत आहे.

दिवाळीत पाध्ये आला. सरांनी त्याला ओढत काकूंकडे नेलं. त्यानं सगळं सरळ सांगितलं. काकूंनी त्याला चहा दिला, चकल्या दिल्या आणि नंतर मला म्हणाल्या, “दोस्त असावा तं असा. दोस्तासाठी खोटं बोलाले किती दुरून आला.”

पुढच्या पावसाळ्यात विहीर पार धुऊन निघाली. सरांचा काटा निजला तो निजलाच. त्याच श्रावणात सुमनला मुलगा झाला. मग काय, गावाचा हिशेब जुळला. आईच्या पायानं गेलं, लेकाच्या पायानं आलं. काकूंनी गल्लीला पेढे वाटले. पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो किती वेळ हातातच धरून ठेवला होता.

जिभल्यांची माळ पुढे मोठी होत गेली. संस्थेनं सरांना दोनदा बोलावलं. एकदा तर जहाजावर चार दिवस फिरवायला. ज्या माणसानं शेळीकडे बघत लाटांचे तास घेतले, तो गेला नाही. पहिल्यांदा परीक्षा आहेत म्हणाला, दुसऱ्यांदा गुडघे. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, “एकदा म्या समुद्र केला. पुरे झाला.” पाण्याची चव ओळखायचा खेळही त्यांनी सोडला. पोरांनी बाटली पुढे केली तर परत देत आणि म्हणत, पी, चांगलं आहे.

ऐंशीच्या दशकात ते निवृत्त झाले आणि मुलाकडे वर्ध्याला राहायला निघाले. सामान टेम्पोत चढलं. पार्वताकाकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जायच्या आधी सर मला म्हणाले, थांबा, आणि कुंपण ओलांडून काकूंच्या वाडीत गेले. मीही मागे गेलो. विहिरीवर आता मोटार बसली होती. सुमन धुणं धूत होती. अंगानं भरली होती, आवाजही थोडा काकूंसारखा झाला होता. सरांना बघून तिनं पदर सारखा केला, वाकून नमस्कार केला, चहा करते म्हणाली.

“चहा नको, पोरी,” सर म्हणाले. “जाता जाता एक सांगतो. आता काकू नाई, पाध्ये नाई, मंडप नाई. मले कोनाचा सत्कार नको. थे मीठ म्याच टाकलं होतं. खरंच टाकलं होतं. तू इतकं पाणी वाह्यलं, थे माह्यापायी.”

सुमननं हात पदराला पुसले. तिला दुःख झालेलं दिसलं नाही, रागही दिसला नाही. माहेर कोणतं विचारल्यावर जसं सांगतात, तसं तिनं सांगितलं.

“नाई सर. थे माह्याच पायानं झालतं.”